नाडी

जामातलाशीच्या फॉर्मात रकाने सहा.
घड्याळ, रोकड, मोबाइल, पट्टा, दागिने,
आणि शेवटी 'अन्य'.
अन्य फार लहान आहे.
त्यात 'रुमाल एक' मावतो, त्याहून जास्त लिहायचं
तर ओळ समासात चढते.

सियागंजातल्या रंगाच्या दुकानाची बाई,
उमैमा जोहर पेटीवाला, वय एकावन्न,
गोदामाच्या कुलपावरून दिराशी मारामारी,
दिराच्या डोक्याला चार टाके.
दुपारी चारला आणली.
अंगात पिस्ता रंगाचा रिदा, कडेनं क्रोशाची वेल.
मेडिकलला नेली. डॉक्टरनं लिहिलं:
नाडी बहात्तर, इजा नाही.

परतल्यावर परिहार साहेब म्हणाले,
मोहिते मॅडम, वरचं उतरवून घ्या,
हनुवटीखाली नाडी आहे त्याला.
रात्री काही झालं तर उत्तर कोण देणार?

खोटं नव्हते बोलत.
दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या ठाण्यात
एका पोरानं पायजम्याच्या नाडीनं…
तेव्हापासून आम्ही सगळे
माणसाकडे बघायच्या आधी
त्याच्या अंगावर दोरी कुठे आहे ते बघतो.

घेतली उतरवून.
ती काही बोलली नाही.
भिंतीकडे तोंड करून बसली
आणि दोन्ही तळहात डोक्यावर धरले,
उन्हात लेकराच्या टाळूवर धरतात तसे.
नऊला डबा आला. दाल, दोन पोळ्या.
जेवायला एक हात लागतो.
तिनं तो काढला नाही.
पहाऱ्यावरचा शिपाई गेला, परत आला,
मुद्दाम बघत नव्हता,
तरी बघत होता.

मी टेबलाशी रोजनामचा लिहून राहिले होते.
(माझं मराठी असंच, इंदूरचं. सासरचे लोक पुण्याचे, हसतात.)
मान खाली घातली की
खाकी कॉलरच्या आत काळे मणी टोचतात.
मागच्या मंगळवारी चोरीतली बाई होती, पालद्याची.
तिच्या गळ्यातलं मी मागितलं नव्हतं.
कुणीच मागत नाही. परिहार साहेबही नाही.
तीही दोरीच की.
वीस वर्षांच्या नोकरीत
मला ती दोरी दिसलीच नव्हती.

साडेदहाला ड्रॉवर उघडला.
बटणांसाठी सुई असते माझ्याकडे, खाकी रिळात खोचलेली.
नेफ्यातून नाडी ओढली, सरसर आली,
हातभर, पांढरी, वापरून मऊ झालेली.
मग चेहऱ्याच्या अंदाजानं गोल ठेवून
चुण्या घालत शिवत गेले.
टाके वाकडे आले. पिस्त्यावर खाकी.

कुलूप काढलं. म्हटलं, घ्या बेन, घालून बघा.
घातलं, वळली. 'थोडा ढीला है.'
आणखी दोन टाके घातले, हनुवटीखाली, अंगावरच.
अंगावरचं शिवू नये म्हणतात आमच्यात.
त्यांच्यातही म्हणत असावेत,
कारण दोघी एकदमच हसलो.
सुई मोजून परत घेतली. एक.
पोळ्या तोवर वातड झाल्या होत्या,
दोन्ही खाल्ल्या तिनं.

सकाळी साहेबांनी फॉर्म वाचला.
अन्यच्या ओळीतून समासात चढत गेलेलं:
नाडी एक, पांढरी, जमा. रिदा अंगावर.
शिवला, मोहिते, वेळ दहा पन्नास.
हे कोणत्या नियमात बसतं?
म्हटलं, उतरवायचं कोणत्यात होतं ते सांगा,
त्याच्याच खाली लिहिते.
त्यांनी चहा मागवला.
सहीची जागा अजून कोरी आहे.

ती कोर्टातूनच जामिनावर गेली.
दिराचं आणि तिचं पुढे काय झालं, माहीत नाही.
नाडी न्यायला कुणी आलं नाही.
मालखान्यात आहे, पाकीट नंबर एकेचाळीस.
दर महिन्याच्या मोजणीला
सील न तोडता, कागदावरूनच,
दोन बोटं ठेवून बघते.
आहे.