तहानेचं सांगायचं राहिलं

आठवडाभर आधी सांगा, म्हणाली होती नर्सबाई,
फार आधी नको, आयत्या वेळी तर नकोच.
मी चार दिवस आधी सांगितलं.
तीन दिवस नुसता जाळी सांधत बसलो होतो
आणि तोंडातल्या तोंडात वाक्यं.

"मिल्लाराय, तुझ्या मूत्रपिंडाची नळी मुडपलीये,
आपल्या बोटीच्या पंपाची मुडपते ना, तशी.
पुएर्तो मोंतचे डॉक्टर ती सरळ करणार."
बटाटे सोलणारे तिचे हात थांबले नाहीत.
"कापून?"
"कापून."
"दुखेल?"

चुलीपाशी ओर्तेन्सियाने मान वळवली.
'नाही' हा शब्द जिभेवर येऊन बसलाच होता,
तसाच गिळला.
"दुखेल. झोपेत नाही, जाग आल्यावर.
मग त्यावर औषध देतील."
"बरं," म्हणाली,
आणि उरलेले बटाटे जरा जाडच सोलले.

मग रोज संध्याकाळी
तिच्या लोकरीच्या मेंढीला आम्ही भूल द्यायचो.
चहाची गाळणी तोंडावर,
मेंढी दहापासून उलटे आकडे मोजायची
आणि सातला झोपायची.
एकदा झोपलीच नाही.
तीनपर्यंत गेली, तिथे अडली,
मिल्लारायच्या आवाजात म्हणाली, मला भीती वाटते.
मी म्हणालो, मलाही.
पुन्हा दहापासून सुरू केलं.

पिशवीत दोन झगे, मेंढी,
आईचा न धुतलेला रुमाल,
कारण मासळीच्या कारखान्यातून आईला सुटी एकाच दिवसाची,
आणि ती आम्ही परतू त्या दिवसासाठी राखलेली.
चाकाओच्या खाडीत फेरीबोटीच्या कठड्यापाशी
ती समुद्रसिंह मोजत होती, मी कागद.
रक्ताचा रिपोर्ट. सहीचा फॉर्म.
मध्यरात्रीनंतर काही खाऊ नये, पिऊ नये.
समुद्रसिंह अकरा निघाले. कागद एक कमी,
तो खिशात सापडला.

"वडिलांनी इथपर्यंतच," दारापाशी कुणीतरी म्हणालं.
ती चाकांच्या खाटेवर आडवी,
छताकडे बघत मला सांगू लागली,
"तू त्या खुर्चीवर बस. मेंढीला धर.
तीन तास लागतील.
झोपेत दुखत नाही, कळलं?"
दार मिटलं.
वादळातही जाळ्याची गाठ न चुकणारे माझे हात,
त्यांना धरायला ओंजळभर लोकर.
खुर्चीवर बसलो. सांगितलं होतं तसा.

जाग आली तेव्हा पहिला शब्द, पाणी.
"आत्ता नाही, राणी."
पाणी.
नर्सने ओल्या कापसाने ओठ टिपले.
ती कापूसच चोखायला गेली, तर तो काढून घेतला.
तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.
"हे तू सांगितलं नव्हतंस."

सुई सांगितली होती, नळी सांगितली होती,
टाके किती, तेसुद्धा.
त्या सगळ्याला तिची माफी होती.
तहानेला नव्हती.
भिंतीकडे तोंड करून पडून राहिली,
आणि मी तिच्या पाठीशी बोलत राहिलो,
कुत्र्याचं, बोटीच्या नव्या रंगाचं,
मग काहीच नाही.
खिडकीबाहेर पाऊस आडवा पडत होता,
सगळीकडे पाणीच पाणी, मेलं.

संध्याकाळी चमचाभर मिळालं.
पहिला चमचा नर्सच्या हातून.
दुसराही.
तिसऱ्याला तिने हात लांब करून
चमचा माझ्याकडे सरकवला.

रात्री शेजारच्या खाटेवर कालबूकोचा एक मुलगा आला.
त्याचा बाप आन्सेल्मो,
खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचं विसरलेला.
मुलगा झोपल्यावर माझ्याजवळ येऊन कुजबुजला,
"उद्या सकाळी आहे. याला काय सांगू?"
मी म्हणालो, पिशवी ठेव आधी.
जे माहीत आहे ते सांग.
दुखणार असेल तर दुखेल म्हण.
आणि तहान लागेल, पाणी मागशील,
पण लगेच मिळणार नाही,
हे विसरू नकोस.

अंधारात, मला वाटलं झोपली आहे, तिकडून
घोगरा आवाज आला,
"चमच्याचंही सांगा त्याला.
नंतर चमच्याने देतात."