दहा तारखेचं टेबल

दुसऱ्या रेल्वे गेटापाशी, टायरच्या दुकानावर,
वीस पायऱ्या, त्यातली एक फुटकी,
तिथं 'लकी बांबू'.
पाटीवर कन्नड मोठं, इंग्रजी बारीक,
मराठी कुठंच नाही.
मेनूच्या पाठीमागं मात्र कुणीतरी बॉलपेननं लिहून ठेवलंय:
नूडल बरा. सूप पाणचट. गल्ल्यावरचा माणूस चांगला.

दर महिन्याच्या दहा तारखेला आम्ही चौघी.
माणशी अडीचशे, वर चहासुद्धा नाही,
असं नीलगंगानं ठरवलं तेव्हा तिची पोरगी चौथीत होती.
आता ती हुबळीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात आहे
आणि अडीचशेचे तीनशे झालेत, एवढंच.

"मी आलो गं," म्हणत फिलू वर येते, धापा टाकत.
पुण्याची माझी नणंद हसते असल्या बोलण्याला,
बाया कुठं 'आलो' म्हणतात?
म्हणतात की.
आम्ही आलो, बसलो, पाणी मागितलं.

लोबसांगचा जन्म मुंडगोडचा,
कन्नड माझ्यापेक्षा दहापट सरळ,
ल्हासा त्यानं फक्त कॅलेंडरवर बघितलंय.
किमची घालतो कडोलीच्या कोबीची,
संकेश्वरी मिरची चोळून,
आणि शेवटी, न मागता,
तळलेल्या वॉन्टनमध्ये कुंदा भरून आणतो.
पहिल्यांदा फिलू म्हणाली, हे पाप आहे.
मग एकटीनं चार खाल्ले.

काड्यांनी जेवायला आमच्यात एकटी नीलगंगाच.
तिचा बाप वडगावात मागावर बसायचा,
तुटलेले धागे ही जोडायची, सातवीत असल्यापासून;
त्या बोटांना काड्या म्हणजे काय?
भाजलेला शेंगदाणा उचलते, एकेक,
आणि आमच्याकडं बघतसुद्धा नाही.

मैमूनानं आज नुसतं सूप घेतलं.
"पोट भरलंय. येताना खाल्लं घरी."
तेच पाणचट सूप, तिनंच नावं ठेवलेलं,
चमच्यानं तळ खरवडून प्यायली.
शाळेनं तिला सांगितलंय, जूनमध्ये बघू.
हे फिलूला भाचीकडून कळलं, फिलूकडून मला,
माझ्याकडून नीलगंगाला.
मैमूनाला वाटतं, कुणालाच माहीत नाही.
आम्ही तिच्या ताटलीत मोमो सरकवत राहिलो,
मला तिखट लागतंय, मला डॉक्टरनं मैदा नको म्हटलंय,
अशी एकेक थाप मारत,
आणि ती "साक्री, साक्री" म्हणत हात आडवा धरत राहिली
मोमोच्या थोडा उशिरानं.

बिल आलं. अकराशे चाळीस.
भागाकार नेहमी माझ्याकडं,
उद्यमबागच्या फाउंड्रीत मी तेच करते दिवसभर.
चौघीत दोनशे पंच्याऐंशी.
तिघीत तीनशे ऐंशी.
दोन्ही नीट जातात, बाकी शून्य,
आणि कुठला आकडा मोठ्यानं म्हणायचा
हे मला सुचेना.
मैमूनाचा हात पर्सच्या चेनवर.
चेन अडकली होती, की अडकवली होती.

तेवढ्यात नीलगंगानं काड्या पुढं केल्या,
बडीशेपेच्या वाटीखालून बिल उचललं
चिमटीत धरावं तसं,
कुणाचा हात पोचायच्या आत,
आणि टेबलावरून अलगद नेलं स्वतःकडं.
"माझ्या पोरीचा पहिला पगार झालाय. गप बसा."

दुसऱ्या वर्षात कसला पगार.
फिलूनं खिडकीकडं बघितलं. मी बडीशेप खाल्ली.
मैमूना बराच वेळ त्या काड्यांकडं बघत होती,
मग चेन लावून म्हणाली,
"पुढची दहा तारीख माझी. लिहून ठेव."
मी लिहिलं. मेनूच्या मागं, त्या बॉलपेनच्या ओळीखाली.

खाली गेट पडलेलं. मालगाडी.
मैमूना डबे मोजत होती,
पोरांना शिकवतात तसं, बोट पुढं करून, मोठ्यानं.
"बावन्न."
"एकोणपन्नास," मी म्हटलं.
"इंजिन धरलंस का?"
"इंजिन कधीपासून डबा झाला?"
फिलू म्हणाली, दोन धरली तरी एक्कावन्नच.
गेट उघडलं, मागच्या रिक्षानं हॉर्न दिला,
आम्ही अजून रुळांच्या अलीकडंच.