दुहेरी तळ

डिसेंबर लागला तेव्हा ती आली तांबट आळीत,
पाठीला सॅक, मोबाइलवर एक धूसर फोटो.
लिगाया नाव. पाषाणकडे कुठंतरी शिकते,
मराठी तीन शब्दांची : काका, किती, नको.
म्हणाली, असा स्टोव्ह कराल? स्पिरिटचा. ओंजळीएवढा.

म्हटलं, पोरी, बंब सांग, घंगाळ सांग,
हल्ली लोक दिवाणखान्यात झाडं लावायला हंडे नेतात, ते सांग.
स्टोव्ह पेटवणारेस का?
नको, म्हणाली. यात एक कागद मावला पाहिजे.
बाहेरून कळता कामा नये.

मग अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी :
त्यांच्याकडे एक डोळ्यांचा डॉक्टर होता, रिझाल.
आईचा मोतीबिंदू त्यानं स्वतः काढला.
(इथं मी हातोडी खाली ठेवली.
माझ्या आईच्या उजव्या डोळ्याची तारीख
तिसऱ्यांदा पुढं गेली होती.)
पुस्तकं लिहिली म्हणून सरकारनं लांबच्या बेटावर टाकला,
तर तिथं गावात पाणी खेळवलं, पोरं शिकवली,
सरडे धरून बाटल्यांतून जर्मनीला धाडले.
लॉटरीचं तिकीट घेतलं. लागलं!
मला तो माणूस तिथं आवडला, लॉटरीपाशी.

शेवटी मनिलाच्या मैदानात उभा केला, पाठमोरा.
वय पस्तीस. नाडी पाहिली, तर नीट चाललेली.
बंदुका धरणारे त्याच्याच देशातले,
आणि त्यांच्या पाठीमागं बंदुका धरलेले गोरे.
पडता पडता तो वळला म्हणे, तोंड आभाळाकडे.
आदल्या दिवशी बहिणीला हा स्टोव्ह द्यायला सांगितलं
आणि पहारेकऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत पुटपुटला :
आत काहीतरी आहे.

होती एक कविता. बारीक अक्षर, ना मथळा, ना सही.

साल विचारलं. अठराशे शहाण्णव.
म्हणजे पुण्यात प्लेग शिरत होता ती थंडी.
पुढं सोजीर घरं धुंडाळायला आले
तेव्हा पणजोबांनी देव दुहेरी तळाच्या पिंपात दडवले, म्हणे.
आमच्याकडे म्हणे फार असतं.

आठ दिवस मठारत बसलो. पैसे तांब्यापुरतेच घेतले.
पण रात्री एक गोष्ट डोक्यातून जाईना :
भांडं खोटं बोलत नाही. रिकामं खणखणतं,
आत काही असेल तर बद्द वाजतं.
त्या शिपायानं सहज टिचकी मारली असती तर?

तीस तारखेला सकाळी सातला कॅम्पातल्या एका हॉलमध्ये
वीसेक माणसं, निम्म्या नर्सा, रात्रपाळीहून थेट आलेल्या.
मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, स्वेटरसकट.
आणि कागद निघेना.
तोंड अर्धा सूत अरुंद ठेवलं होतं मी.
वाचणाऱ्या बाई चष्मा लावून उभ्या,
एकीनं केसांतली पिन काढून दिली,
मी थंडीत घामाघूम,
मग कुणीतरी हसलं आणि सगळेच हसले,
हुतात्म्याच्या दिवशी. मला ते बरं वाटलं.
निघाला कागद, एक कोपरा आत ठेवून.
बाईंनी वाचलं. अक्षर कळलं नाही.
मधे एकदा त्या थांबल्या, ते कळलं.

जानेवारीत आईची पट्टी सुटली.
काय दिसतंय, तर म्हणाली, तुझी नखं किती काळी रे.

मे महिन्यात लिगाया गेली.
स्टोव्ह तोंड रुंद करायला माझ्याकडे होता, तो राहिलाच.
फोन करते कधी. काका, किती? नको.
एवढ्यात आमचं बोलणं होतं.

दुकान बंद करताना मी त्याला टिचकी मारतो.
खण्ण वाजतो, स्वच्छ.
कागदाच्या त्या कपट्यानं आवाजात काही फरक पडत नाही.
अख्खा कागद घालूनही पाहिला, विजेचं बिल घडी करून.
नाही पडत.

शिपायाला कळलं नसतं.