तहातलं लग्न

खैरनारकाका पुस्तकाकडे न बघताच शिक्का मारतात:
"परत तहातलंच लग्न?"
हो. परत तहातलंच.
मुखपृष्ठावर पाठमोरा घोडा, समोर बघणारी बाई,
मध्ये बुरूज,
आणि कुणीतरी पेनानं बाईला काढलेल्या मिशा.

मला ठाऊक असतं सगळं.
गडावरचा दाणागोटा संपत आलाय,
तिच्या बापाकडे तीनशे घोडी आणि एक उपवर मुलगी,
मध्यस्थ सुपारी कातरत म्हणतो, सोय जाणे तो सोयरा.
चाळिसाव्या पानाच्या आत अक्षता.
मग तो म्हणणार: उत्तरेचा महाल आपला, दक्षिणेचा आमचा,
वर्षानं घोडी परत, आपणही मोकळ्या.
ती म्हणणार: घोडी मोजून घेईन.
इथे मी बसमध्ये एकटीच हसते,
द्वारका येते नि जाते.

मला ठाऊक असतं, त्याला जखम होणार
डाव्या खांद्याला. उजव्याला कधीच होत नाही.
हळद तिलाच लावावी लागणार,
कारण दासी नेमकी माहेरी.
घाटात रात्र होणार, देवळाच्या ओवरीत
घोंगडी एकच निघणार.
तरी त्या घोंगडीपाशी मी वाचायचा वेग कमी करते,
चिवड्यातले शेंगदाणे राखून ठेवावेत तशी.

दिवसभर प्रेसमध्ये मी स्टँप पेपर मोजते.
शंभराचे गठ्ठे. कोरे.
खाली लोक काय काय लिहीत असतील,
जमीन, भाडं, काडीमोड;
वर तेच सिंह, निर्विकार.

माझा नि बागूलांचा करार कुठल्याच कागदावर झाला नाही.
नांदूर नाक्यावरच्या रसवंतीत झाला,
दोन ग्लास, एक बिनबर्फाचा.
त्यांना सहा वर्षांचा मुलगा आणि एकलहऱ्याची रात्रपाळी.
मला भावाच्या घरात पडद्यामागची कॉट.
ते म्हणाले, "स्वयंपाक मला येतो. पोराच्या शाळेचं तेवढं..."
मी म्हणाले, "माझा पगार माझ्या खात्यात राहील."
"बरोबर आहे," म्हणाले,
नि रसवाल्याला मोजून सुट्टे दिले.
घोडी नव्हती. माझ्यासोबत एक लोखंडी कपाट आलं,
तेही जिन्यात अडकलं.

अकरा वर्षं. ते येतात तेव्हा मी निघते.
दारात किल्लीची देवघेव,
दोन दरबारांच्या हेजिबांसारखी:
पाणी भरलंय. गॅस नोंदवला.
कैवल्यची फी शनिवारी.

परवा पुस्तक उघडलं.
माझी खूण, दुधाची पावती,
एकशे बाराव्या पानावर जशीच्या तशी.
आणि पुढे, एकशे छप्पन्नवर,
बसचं तिकीट: नाशिकरोड ते एकलहरे.
समासात कोळशाचा अंगठा.
"मी आपला पेपर वाचतो" म्हणणारा माणूस
जखमेच्या, बहुधा घोंगडीच्याही
पुढे निघून गेलेला.

तिकीट मी हलवलं नाही.
नुसतं पुस्तक मिटलं
आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले.

आज सकाळी दारात ते म्हणाले,
"ते घोड्यांचं पुस्तक... आज द्यायचंय ना परत?"
"हो. मुदत संपली."
खाली मान घालून बुटाची नाडी सोडत बसले,
बराच वेळ, एकच नाडी.
"राहू दे अजून आठ दिवस," म्हणाले.
"दंड मी भरतो."

खाली साडेसातची बस हॉर्न देऊन गेली.
मी अर्ध्या जिन्यातून वर विचारलं,
"खांदा कुठला?"

"डावा," आतून आवाज आला.