ड्रायव्हर सापडला नाही

खाण बंद पडली, पाळीच्या काट्यावरचा
संगणक भंगारात निघाला.
बाबांनी तो आठशे रुपयांना आणला,
कळांच्या फटींत अजून तांबडी धूळ.

विंडोज त्याला पेलवेना.
मी लिनक्स घातलं,
काळ्या खिडकीत एकेक आज्ञा, रात्रभर.
"आता वाइन टाकते," असं फोनवर ऑस्वाल्डला म्हटलं
तर आई कालथा घेऊनच बाहेर आली.

मग जुना ट्रकचा खेळ उघडला, आणि ओळ आली:
ड्रायव्हर सापडला नाही.
मागे बाबा, चष्मा कपाळावर.
"हांव आसां न्हय गो," म्हणाले.

तीन रात्री शोधला.
चौथ्या पहाटे ट्रक हलला,
कुठल्याशा गार देशात, दोन्हीकडे बर्फ.
बाबांचा डावा पाय फरशीवर
क्लच चाचपत राहिला.
बाहेर आमचा टिपर, सहा वर्षं जागचा न हललेला,
आईने त्यावर पडवळ चढवलंय.

एका जादा फेरीसाठी
उसगावच्या वळणावर जिवावर उदार होणारा हा माणूस
इथे रिकाम्या चौकात लाल दिव्याला थांबतो.
मागून कुणी हॉर्न देत नाही.

पंखा घरघरतो.
याच खोक्याने त्यांची प्रत्येक फेरी तोलली होती,
किलोकिलोने.

माल पोचला. बाबांनी नजर न हलवता
हात बाजूला काढला,
केबिनमधून काढावा तसा, पावतीसाठी.

मला सुचेना.
चहाचा कप दिला.