छप्पन नंबर

गाडी जपानी बोलते.
सुरू केली की काहीतरी म्हणते, अदबीनं,
आणि मी गेली चार वर्षं नुसती मान हलवते.
योकोहामाहून बोटीनं आली ती इथे,
न्यूझीलंडच्या या खालच्या काठावर,
जिथे वारा झाडांचे केस
कायमचे एका बाजूला विंचरून ठेवतो.

तिचं दुखणं रेवीनं शोधलं, शेजारच्या पोरानं.
कोपऱ्यात तडा गेलेला टॅबलेट आणला,
स्टिअरिंगखाली बोटाएवढा ठोकळा खुपसला
आणि पडद्यावर उभ्या राहिल्या शहाण्णव काड्या,
कुंपणाच्या खांबांसारख्या.
एक बुटकी.
'छप्पन नंबर,' रेवी म्हणाला.
'ही बसली, की बाकीच्या पंच्याण्णव उभ्या राहून उपयोग नाही.'
नव्या बॅटरीची किंमत विचारली.
त्यानं सांगितली.
मी त्याला केक दिला आणि विषय बदलला.

आठवड्यातून तीनदा
मी मिस्टर टुलॉकना इन्व्हरकार्गिलला नेते, डायलिसिसला.
ते आत एका यंत्राला, गाडी बाहेर दुसऱ्या.
परतताना टॅबलेट त्यांच्या मांडीवर.
रिपोर्ट वाचायची सवय त्यांना माझ्याहून जुनी:
पोटॅशियम, क्रिएटिनिन, आणि आता मिलिव्होल्ट.
चढ लागला की मोठ्यानं वाचतात,
बंदरावरच्या माणसानं भरतीची वेळ सांगावी तसं,
'एकसष्ट. एकोणसाठ.
तुझा छप्पन दम खातोय, इश्बेल.'

हीटर लावायचा नाही, हा आमचा करार.
गरम पाण्याची पिशवी, दोन घोंगड्या,
अंथरूण पाहून पाय पसरायचे.
पण त्या संध्याकाळी, जुलैत, रस्त्यावर दव गोठलेलं,
फोर्ट्रोजच्या पुढे त्यांचे दात वाजायला लागले.
मी हीटर लावला.
ते काही बोलले नाहीत.
आकडेही वाचले नाहीत.
छप्पन नंबरची काडी लाल झाली,
आणि टोकानुई मागे पडल्यावर
डॅशबोर्डवर कासव उजळलं.
खरंच कासव. जपान्यांनी चित्र काढून ठेवलंय,
धीर द्यायला की चिडवायला, कोण जाणे.

कासवाच्याच पावलानं एका डेअरीच्या फाटकात वळलो.
जुलैत गायी आटलेल्या, दूध काढायची यंत्रं गप्प,
सॉकेट रिकामं.
रॉडेल नावाचा माणूस बाहेर आला, फिलिपाइन्सचा,
त्यानं एकही प्रश्न न विचारता वायर जोडली
आणि वासरांची घोंगडी आणून म्हाताऱ्याला गुंडाळली.
चहा आला.
'अर्धाच कप,' मिस्टर टुलॉक म्हणाले, 'मोजून.
मलाही लीटरचा हिशेब आहे.'

साध्या सॉकेटवर तासाला आठ टक्के.
दोन तास आम्ही तिघं त्या पडद्याकडे बघत बसलो,
चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसं,
फक्त हे उतू जाण्याची भीती नव्हती.
रॉडेलनं फोनवर मुलीचा फोटो दाखवला, इलोइलोला असते,
तिथे आता किती वाजले असतील ते सांगितलं.
पैसे घेतले नाहीत.
'वीज मालकाची,' म्हणाला, 'आणि मालक झोपलाय.'

सतरा टक्क्यांवर निघालो.
पहिल्याच वळणावर टॅबलेट मेला.
गाडीची नाही, त्याची स्वतःची बॅटरी संपली.
इतके दिवस दुसऱ्याची नाडी बघत होता
आणि त्याला चार्जर लावायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

अंधारात मिस्टर टुलॉक आधी हसले, मग खोकले.
काळी काच मांडीवर उलटी ठेवली.
हीटर चालूच होता.
थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाले,
'चौदा.'
शेवटचा चढ संपता संपता,
'अकरा. छप्पन ठीक आहे.'

वायकावाचा दिवा दिसेपर्यंत
ते एकेक आकडा सांगत राहिले,
आणि मी प्रत्येकावर विश्वास ठेवला.
दारात गाडी बंद केली
तेव्हा ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली.
या वेळी मान त्यांनी हलवली.