माझ्या जागी

कंपनीचा माणूस पंपाभोवती फिरला,
टॅबवर आकडा दाखवला: अठ्ठावीसशे डॉलर.
दोन झडपा फिरवायला!
हेरंब म्हणाला, "एवढ्यात माणूस ठेवीन."

माणूस होताच. अकरा वर्षं मीच,
चँडलरचं ऊन तापायच्या आत, पहाटे पाचला
पाइपांशी उकिडवी बसून
काळी मूठ डावीकडे रेटणारी.
मग अंगठ्याचा सांधा बोलू लागला.

शेजारच्या ओचोआने जन्मभर लोकांची हिरवळ भिजवली.
तो म्हणाला, चोवीस व्होल्ट ते चोवीस व्होल्ट,
गवताला काय नि तलावाला काय.
मोडीतल्या दोन मोटरी, एकीचं झाकण उन्हाने विटलेलं,
त्याच्या गॅरेजातला शिंपणीचा टायमर,
तेरा फूट वायर.
एकशे चाळीस डॉलर
आणि आमच्याच झाडाच्या लिंबांचं लोणचं,
जे हेरंबने हिशेबात लिहिलं नाही.

पहिल्या दिवशी सगळं उलटं.
तलावाचं पाणी गरम कुंडात घुसलं,
काठावरून उतू गेलं,
हेरंबची एक चप्पल कुंपणापर्यंत तरंगत गेली.
ओचोआ हसत गुडघ्यावर बसला,
मोटरीच्या बुडाचं इवलं बटण सरकवलं.
बस, एवढंच होतं.

आता पाचला बाहेर गुरगुर होते,
अर्धा मिनिट, मग खट्.
"कोण आहे?" हेरंब झोपेत विचारतो.
"माझ्या जागी ठेवलेला," मी म्हणते.
जागी असते मीही.
पांघरुणात माझी मूठ
हळूच डावीकडे वळते,
दुखते,
आणि परत येते.